यंत्रास सांगावें कसें? : आज्ञावली शिकूं इच्छिणारांसाठीं एक धडा

चाकणास पूर्वीं लोक कांद्याबटाट्यांच्या बाजारासाठीं जात असत, आणि ज्यांस इतिहासाची आवड असे ते संग्रामदुर्गाच्या पडक्या तटाकडे बोट दाखवीत. कांद्याचा बाजार अजूनहि भरतो. परंतु आज आपल्या खेड्यांतील तरुण चाकणाचें नांव घेतो तेव्हां त्याच्या मनांत कारखान्याचें गेट, पाळीची बस आणि चौघांत भाड्यानें घेतलेली खोली हींच असतात. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. आणि त्यापुढें चिंचवड, आकुर्डी, भोसरी अशीं ठाणीं घेत घेत कारखाने नाशिकच्या रस्त्यानें चाकणपर्यंत जाऊन पोंचले. २००९ सालीं फोक्सवॅगन कंपनीचा मोटारींचा कारखाना तेथें सुरू झाला, आणि मग त्या माळरानाचें रूप ओळखूं येईनासें झालें. बीड, जालना, अहिल्यानगर, लातूर ह्या जिल्ह्यांतील किती घरांचा संसार ह्या पट्ट्यांतून येणाऱ्या पैशावर चालतो, हें वाचकांस सांगावयास नको.

अलीकडे ह्या तरुणांत एक नवी खटपट दिसून येते. पाळी सुटली, जेवण झालें, कीं कित्येक जण हातांतील फोनवर संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे वर्ग पाहूं लागतात. आज्ञावली म्हणजे ज्यास ते प्रोग्राम म्हणतात ती. कोणी फुकट व्याख्यान ऐकतो, कोणी हप्त्यांनीं फी भरतो. हिंजवडीच्या कांचेच्या इमारती ह्या कारखान्यांपासून फार दूर नाहींत. लेथवरून उठून त्या इमारतींत खुर्चीवर बसावें ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि तिची थट्टा करणें बरें नव्हे. परंतु गांवीं राहणाऱ्या वडील माणसांस हा प्रकार उमगत नाहीं. मुलगा फोनवर सांगतो कीं, "दादा, मी पायथॉन शिकतों आहें," आणि बापास वाटतें कीं पोरगा अजगर पकडावयास निघाला. (त्या भाषेचें नांव अजगरावरून नव्हे, तर एका इंग्रज विनोदी नटमंडळीवरून पडलें आहे, तिचे कर्ते गीदो व्हान रॉसम ह्यांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली.) हा धडा त्या दोघांसाठीं आहे : जो शिकूं पाहतो त्यासाठीं, आणि ज्याचा सल्ला घरचीं माणसें विचारतात त्या गांवच्या शिक्षकासाठीं वा उपदेशकासाठीं. दहा तास उभें राहून काम केलेल्या माणसाची रात्रीची झोंप ही क्षुद्र वस्तु नव्हे. ती द्यावयाची तर कशासाठीं द्यावयाची, हें नीट कळलें पाहिजे.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. संगणक वापरणें निराळें, आणि संगणकास आज्ञा देणें निराळें. पुण्याच्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची एम.एस.सी.आय.टी. ही परीक्षा आपल्या मुलामुलींपैकीं अनेकांनीं दिली आहे. तींत पत्र टंकावें कसें, कोष्टक मांडावें कसें, संदेश पाठवावा कसा, हें शिकवितात. तें उपयोगाचें आहे. परंतु तेथें आज्ञा दुसऱ्या कोणीं तरी आधींच लिहून ठेविलेल्या असतात, आणि आपण केवळ त्यांच्या कळा दाबतों. गाडींत बसून जाणारा आणि गाडी बांधणारा ह्या दोघांत जितकें अंतर, तितकेंच येथें आहे.

आतां चाकणच्या तरुणास आम्ही एक गोष्ट सांगूं इच्छितों, आणि ती त्यास बहुधा कोणीं सांगितलेली नसते. आज्ञावली ही वस्तु तुला अगदींच अनोळखी नाहीं. ती रोज तुझ्या डोळ्यांपुढें चालत असते.

सी.एन.सी. लेथवर काम करणारा ऑपरेटर काय करितो? जॉब चकांत धरितो, दार लावितो, बटण दाबितो, आणि यंत्र आपलें काम करूं लागतें. बाजूच्या पडद्यावर ओळींमागून ओळी सरकतात. त्या सेटरनें वा प्रोग्रामरनें लिहिलेल्या असल्यामुळें पुष्कळ जण त्यांकडे पाहतहि नाहींत. परंतु त्या ओळी म्हणजेच आज्ञावली होय. जी-शून्य-शून्य म्हणजे हत्यार कांहीं न कापतां वेगानें सांगितलेल्या जागीं ने. जी-शून्य-एक म्हणजे सरळ रेषेंत, सांगितलेल्या गतीनें, कापीत ने. जी-शून्य-दोन व जी-शून्य-तीन म्हणजे कमानीसारखें ने, एक घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें व दुसरें उलट. एम-शून्य-तीन म्हटलें कीं स्पिंडल फिरूं लागतो. एम-शून्य-आठ म्हटलें कीं कूलंटची धार सुटते. एम-शून्य-पांच म्हटलें कीं स्पिंडल थांबतो. आणि एम-तीस म्हटलें कीं काम संपलें, व यंत्र पुन्हां पहिल्या ओळीवर येऊन उभें राहिलें.

ही रीत कांहीं कालची नव्हे. अमेरिकेंतील एम.आय.टी. ह्या संस्थेंत १९५२ सालीं असें यंत्र लोकांपुढें चालवून दाखविण्यांत आलें. तेव्हां आज्ञा कागदाच्या पट्टीवर भोंकें पाडून दिल्या जात. आज पट्टी गेली व पडदा आला, पण मूळ गोष्ट तीच राहिली. मनुष्यानें आधीं बसून सर्व विचार करावा, तो लहान लहान आज्ञांत मोडावा, त्या क्रमानें लिहाव्या. आणि यंत्रानें त्या विचार न करितां पाळाव्या.

"विचार न करितां" हे शब्द वाचकांनीं ध्यानांत धरावे, कारण सर्व अडचण त्यांतच आहे. सी.एन.सी.वर कित्येक नियंत्रकांच्या मांडणींत एक्स-पन्नास असें लिहिलें व पन्नासापुढें दशांशाचा बिंदु द्यावयाचा राहिला, तर यंत्र त्याचा अर्थ पन्नास मिलिमीटर असा न घेतां पन्नास मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटराचा विसावा भाग, असा घेतें. मग तें हत्यार थेट जॉबच्या मध्यापर्यंत घुसावयास पाहतें. इन्सर्ट फुटतो, जॉब वांया जातो, कधीं कधीं स्पिंडलासहि इजा पोंचते. शेजारीं उभा असलेला मदतनीस मुलगा देखील म्हणाला असता कीं, "अहो, येथें पन्नास मिलिमीटरच म्हणावयाचें असेल." यंत्र तसें म्हणत नाहीं. त्यास एवढा बिंदु दिला नाहीं, म्हणून त्यानें अर्थ बदलला. ह्यांत त्याचा हट्ट नाहीं आणि दुष्टपणाहि नाहीं. त्यास तुमचा हेतु ठाऊक नसतो, केवळ तुमचीं अक्षरें ठाऊक असतात.

संगणकाची कोणतीहि भाषा घेतली तरी तिचा पाया तीन गोष्टींवर असतो : क्रम, अट आणि आवर्तन. क्रम म्हणजे एकामागून एक ओळ. आवर्तन म्हणजे तेंच काम पुन्हां पुन्हां, सी.एन.सी.वर एम-अठ्ठ्याण्णव म्हणून पोटआज्ञावलीस हांक मारितात व एम-नव्याण्णव म्हणून तींतून परत येतात, त्यांत ह्याची झलक आहे. अट म्हणजे काय, हें तपासणीच्या टेबलावर पाहावें. गेजाची गो बाजू जॉबवर बसली व नो-गो बाजू बसली नाहीं, तर जॉब चांगल्या ट्रेमध्यें ठेवावा. नाहीं तर लाल पेटींत टाकावा. हें 'तर' आणि 'नाहीं तर' ज्यास कळलें त्यास अट कळली.

आतां प्रत्यक्ष एक आज्ञावली करून पाहूं. खेड्यांत संगणक नसला तरी हा धडा अडत नाहीं. चार रिकाम्या काडेपेट्या घ्याव्या आणि त्यांवर 'दर', 'तास', 'जादा' व 'मजुरी' अशीं नांवें लिहावीं. पेटींत एका वेळीं एकच चिठी राहील. नवी घातली कीं जुनी काढून टाकावी. मग एका मुलास यंत्र करावें. त्यास बजावून सांगावें कीं, कागदावर जें लिहिलें आहे तेंच करावयाचें, स्वतःची अक्कल मुळींच चालवावयाची नाहीं. (हुशार मुलास हें फार जड जातें, म्हणून यंत्र करावयास हुशार मुलासच निवडावें.) विषय सर्वांच्या जिव्हाळ्याचा घेऊं, तो म्हणजे ओव्हरटाइमचा. समजा, तासाचा दर ६० रुपये आहे, आठ तासांपर्यंत साधा दर मिळतो, आणि त्यापुढच्या प्रत्येक तासास दुप्पट. आज्ञा अशा :

दर ह्या पेटींत ६० ठेव.
किती तास काम झालें तें विचार, आणि उत्तर तास ह्या पेटींत ठेव.
तास ८ पेक्षां अधिक असेल तर :
    जादा ह्या पेटींत तास उणें ८ ठेव.
    मजुरी ह्या पेटींत ८ गुणिलें दर, अधिक जादा गुणिलें दर गुणिलें २, ठेव.
नाहीं तर :
    मजुरी ह्या पेटींत तास गुणिलें दर ठेव.
मजुरी दाखीव.

कोणीं तरी "अकरा" म्हणावें. यंत्र झालेला मुलगा अट पाहील, अकरा हे आठांपेक्षां अधिक आहेत, म्हणून जादा ३, आठ साठें ४८०, आणि तीन तासांचे दुप्पट दरानें ३६०, मजुरी ८४०. पुन्हां कोणीं "सहा" म्हणावें. आतां अट खोटी ठरते, यंत्र 'नाहीं तर' च्या खालीं जातें, आणि उत्तर ३६० येतें. मग "आठ" म्हणावें. आठ हे आठांपेक्षां अधिक नाहींत, म्हणून खालची वाट; उत्तर ४८०. येथें वरच्या वाटेनें गेलें असतां देखील ४८० च आले असते. सीमा इकडची कीं तिकडची ह्यानें ह्या उदाहरणांत बिघडत नाहीं. सर्वत्र असें नसतें, तें पुढें दिसेल.

'तर' च्या खालच्या ओळी आंत सरकवून लिहिल्या आहेत, तें शोभेसाठीं नव्हे. पायथॉन भाषेंत कोणत्या ओळी अटीच्या पोटांत आहेत हें त्या आंत सरकण्यावरूनच यंत्रास कळतें. शेवटची ओळ आंत सरकविली तर ती 'नाहीं तर' च्या पोटांत जाईल, आणि अकरा तास भरणाऱ्या कामगारास पडद्यावर कांहींच दिसणार नाहीं.

काडेपेट्यांवर हा खेळ दहा वेळां झाला, आणि दर वेळीं उत्तर बरोबर आलें, म्हणजे मग संगणकाकडे वळावें. पायथॉनमध्यें राखीव शब्द सुमारें पस्तीस आहेत, व ते रोमन लिपींतच लिहावे लागतात. परंतु पेट्यांचीं नांवें मराठींत दिलीं तरी चालतात. 'तास' आणि 'मजुरी' हीं नांवें ती भाषा २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून बिनतक्रार घेते. इंग्रजी कच्चें आहे म्हणून जो भितो त्यानें हें मुद्दाम करून पाहावें. पस्तीस शब्द पाठ करणें म्हणजे कांहीं इंग्रजी शिकणें नव्हे. ऑपरेटरनें जी आणि एम चे आंकडे ह्याहून अधिक पाठ केलेले असतात.

आणि येथेंच पहिली ठेंच लागते. शिकणारा वरच्या आज्ञावलीचा आधीं सोपा भाग करून पाहतो : तास विचारावे, त्यांस दरानें गुणावें, उत्तर दाखवावें. तो ८ टंकतो आणि ४८० ची वाट पाहतो. पडद्यावर येतें काय, तर ८ हा अंक ओळीनें साठ वेळां! पुष्कळांस वाटतें कीं संगणक बिघडला. तो बिघडलेला नसतो. कळफलकावरून जें आलें तें त्यानें संख्या म्हणून घेतलें नाहीं, अक्षर म्हणून घेतलें. आणि अक्षरास साठांनीं गुण म्हटल्यावर त्यानें तें साठ वेळां लिहून दाखविलें. दशांशाच्या बिंदूचीच ही दुसरी तऱ्हा. 'हें अक्षर नव्हे, ही पूर्ण संख्या आहे' अशी एक लहान आज्ञा मध्यें घातली कीं काम होतें. ह्या आज्ञेची एक मौज अशी कीं, कळफलकावरून देवनागरी '८' टंकला तरी ती त्याची संख्या करून देते. मात्र आज्ञावलीच्या ओळींत दर म्हणून ६० लिहावयाचे ते इंग्रजी आंकड्यांतच लिहिले पाहिजेत.

ज्यानें आठांचा आंकडा साठ वेळां पाहिला, गोंधळला, कारण शोधिलें आणि दुरुस्ती केली, त्यास अक्षर व संख्या ह्यांतील भेद जन्मांत पुन्हां शिकवावा लागत नाहीं. ज्यानें तोच भेद व्याख्यानांत ऐकला, मान डोलाविली आणि पुढचें व्याख्यान लाविलें, तो दोन दिवसांनीं विसरतो. आमचें सांगणें मुख्यतः हेंच आहे. आज्ञावली ही पाहून येणारी विद्या नव्हे. ती चुकून, आणि आपली चूक आपण शोधून, येते. लेथ चालविणें देखील असेंच नाहीं काय? कोणी टर्नर चित्रें पाहून टर्नर झाला असें ऐकिवांत नाहीं.

फोनवर व संगणकावर मिळणाऱ्या वर्गांकडे आतां पाहूं. हे वर्ग निघाले त्यामागें चांगली बुद्धि होती. एम.आय.टी.नें आपले पाठ सर्वांस विनामूल्य खुले करण्याचें २००१ सालीं जाहीर केलें. आपल्या देशांत आय.आय.टी. संस्था व बंगळूरची विज्ञान संस्था ह्यांनीं मिळून एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम चालविला, आणि २०१७ सालीं भारत सरकारनें स्वयम् नांवाचें एक मोठें दार उघडिलें. त्यांत आय.आय.टी. रोपड येथील प्राध्यापक सुदर्शन अय्यंगार ह्यांचा 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग' हा पायथॉनचा वर्ग अगदीं नवशिक्यांसाठीं आहे. शिकावयास पैसा पडत नाहीं; प्रमाणपत्र पाहिजे असल्यास परीक्षेचें शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. व्याख्यानें इंग्रजींत आहेत, हीच काय ती अडचण.

आमच्या वाचकांस अधिक जवळचा उपक्रम म्हणजे आय.आय.टी. मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा होय. तेथील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य ह्यांनीं तो उभा केला. एक पाठ सुमारें दहा मिनिटांचा असतो. पडद्यावर जें काम चाललें आहे तें इंग्रजींतच दिसतें, परंतु कानांवर पडणारें विवेचन अनेक भारतीय भाषांत केलेलें आहे, आणि सी, सी-प्लस-प्लस इत्यादि विषयांचे पाठ मराठी आवाजांत मिळतात. हीच रीत आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. कामाचे शब्द शेवटीं इंग्रजींत ओळखावे लागतातच. मात्र ते कशासाठीं आहेत हें मनुष्यानें आपल्या भाषेंत समजून घ्यावें. शिवाय ह्या पाठांची अपेक्षा अशी असते कीं, शिकणारानें अर्धा पडदा पाठास द्यावा व अर्ध्यावर स्वतः तेंच करीत जावें. पाठ थांबवावा, करावें, जुळलें कीं पुढें जावें. पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवायहि ऐकतां येतात, हा खेड्यांस मोठाच लाभ आहे.

तर मग इतकें सर्व फुकट असतां सर्वच जण आज्ञावली लिहूं कां लागत नाहींत? ह्याचा हिशेब एकदां कोणीं मांडिला आहे. हार्वर्ड व एम.आय.टी. ह्यांनीं एडएक्सच्या द्वारें चालविलेल्या वर्गांची आंकडेवारी जस्टिन रीच व होसे रुइपेरेझ-व्हालिएंते ह्या दोघांनीं २०१९ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. नांव नोंदविणाऱ्यांपैकीं अर्ध्याहून अधिक लोक वर्गांत एकदांहि पाऊल टाकीत नाहींत. आणि २०१७-१८ सालीं वर्ग पुरा करणारे शंभरांत सुमारें तीन निघाले. मात्र ज्यांनीं प्रमाणपत्रासाठीं पैसे भरले होते त्यांत हें प्रमाण शंभरीं शेचाळीस होतें. पैशानें बुद्धि वाढते असा ह्याचा अर्थ नव्हे; ज्यानें मनाशीं निश्चय केला तोच पैसे भरतो, आणि भरल्यावर मागें फिरावयास त्यास जरा लाज वाटते, इतकाच. तो निश्चय आणि ती लाज पैशावांचून उत्पन्न करितां आली, तर गरिबाचें काम झालें.

ती कशी करावी? एकट्यानें शिकूं नये. खोलींतील चौघांपैकीं दोघांनीं तरी मिळून बसावें, आणि आठवड्याचा वार व तास ठरवून टाकावा. पाळ्या निरनिराळ्या असतील तर सुटीचा दिवस धरावा. फोनवर पाठ ऐकावा, परंतु आज्ञा कळफलकावर लिहाव्या. फोनच्या लहान पडद्यावर आंत सरकविलेल्या ओळी आणि विरामचिन्हें टंकणें हें इतकें त्रासाचें आहे कीं, विषय अवघड नसून फोन अवघड आहे हें ध्यानांत न येतां मनुष्य हताश होतो. जुना संगणक दोघाचौघांत मिळून घ्यावा. तोहि नसेल तर वहींत लिहावें आणि काडेपेट्यांवर चालवून पाहावें. वहींत दहा आज्ञावली केलेला मुलगा संगणकापुढें बसला कीं एका रविवारांत पुढें जातो. गांवच्या शिक्षकास स्वतः आज्ञावली येत नसली तरी चालेल. त्यानें फक्त दर आठवड्यास विचारावें कीं, "ह्या आठवड्यांत काय केलेंस? चालवून दाखीव. कोठें अडलें? यंत्रानें काय म्हटलें?" ह्यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. चूक झाली म्हणजे संगणक कितव्या ओळीवर अडला हें लिहून दाखवितो. बहुतेक नवशिके तें न वाचतांच पडदा बंद करितात.

पैसे भरून शिकण्याविषयीं थोडें. फी घेणारा प्रत्येक वर्ग लबाड असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो शिकविण्याच्या आधीं नोकरीची हमी देतो, आणि हातीं फी नसेल तर तेथल्या तेथें कर्जाचा कागद पुढें करितो, त्याच्या दारांतून परत फिरावें. आधीं फुकटचा वर्ग तीन महिने करून पाहावा. तीन महिन्यांत स्वतःच्या हातानें वीस लहान आज्ञावली झाल्या, आणि मन अजूनहि ओढ घेत असेल, तर पुढें पैसे खर्चण्याचा विचार करावा. झाल्या नसतील तर खर्चानेंहि त्या होणार नाहींत.

कोणी विचारील कीं, २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी निघाल्यापासून यंत्रच आज्ञावली लिहून देतें, मग आम्ही शिकून काय करूं? शंका खरी आहे. वरची ओव्हरटाइमची आज्ञावली अशा यंत्रास मागितली तर तें क्षणांत लिहून देईल. परंतु आपल्या कारखान्यांत दुप्पट दर आठ तासांनंतर लागतो कीं नऊ, जेवणाची सुटी धरावयाची कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें. आणि उत्तर चुकलें तरी तें तितक्याच ठामपणें लिहितें. तयार प्रोग्राम मिळाला म्हणून सेटर पहिला जॉब डोळे मिटून चालवीत नाहीं. तो एकेक ओळ पुढें नेतो, हात बटणावर ठेवितो, आणि पहिला जॉब मोजतो. ज्यास ओळी वाचतां येतात त्यासच तें करितां येतें.

नोकरीविषयीं उघड बोलणें बरें. एका नवशिक्या वर्गानें हिंजवडीची खुर्ची मिळत नाहीं. तेथें पदवी घेतलेले तरुण देखील रांगेंत उभे आहेत. ऑपरेटरास अधिक जवळची पायरी त्याच्याच शेडमध्यें आहे. ऑपरेटराचा सेटर होणें, सेटराचा प्रोग्रामर होणें. वीजदुरुस्तीच्या कामावर असल्यास पी.एल.सी.च्या शिडीसारख्या आकृति वाचावयास लागणें. तपासणीच्या टेबलावर असल्यास मोजमापांचा दिवसाचा हिशेब हातानें न करितां पायथॉनकडून करविणें. ह्या पायऱ्यांवर त्याच्या हाताचा अनुभव वांया जात नाहीं, उलट पदवीधरापाशीं जें नसतें तें त्याच्यापाशीं असतें. तेथून पुढें ज्यास जावयाचें त्यानें खुशाल जावें.

ह्या आठवड्याच्या सरावासाठीं तपासणीचेंच उदाहरण देतों. एका पिनाचा व्यास २५ मिलिमीटर पाहिजे, आणि २४.९८ पासून २५.०२ पर्यंत, हीं दोन्हीं मापें धरून, तो पास समजावयाचा आहे. 'पास' आणि 'नापास' अशा दोन काडेपेट्या घेऊन दोहोंत आरंभीं शून्याची चिठी ठेवावी. प्रत्येक माप वाचल्यावर ज्या पेटीचें काम असेल तिच्यांतील चिठी काढून, तीवरील संख्येंत एक मिळवून, नवी चिठी परत ठेवावी. 'पास ह्या पेटींत पास अधिक १ ठेव' ही आज्ञा गणिताच्या पुस्तकांतील समीकरणासारखी वाचूं नये. आधीं पेटींतील जुनी संख्या घ्यावयाची आणि मग नवी ठेवावयाची, असा तिचा अर्थ आहे. मापें पांच : २४.९७, २४.९८, २५.००, २५.०२ आणि २५.०३. आज्ञा कागदावर लिहाव्या, दुसऱ्याकडून चालवाव्या, आणि शेवटीं पेट्या उघडाव्या. पासमध्यें ३ व नापासमध्यें २ आले पाहिजेत. पासमध्यें १ व नापासमध्यें ४ आले, तर 'अधिक' आणि 'अधिक किंवा तितकेंच' ह्यांत कोठें तरी गल्लत झाली आहे. ती ओळ शोधून पुन्हां चालवावी.